मोजलेलं कागदावर राहत नाही

गुंडाळीत शंभर दाणे होते. मक्याचे, ओल्या कागदावर दहा-दहाच्या ओळींत मांडलेले, पंचवीस अंशांच्या कपाटात सात दिवस उभे ठेवलेले. मी गुंडाळी उलगडली आणि मोजणी केली: एकोणनव्वद नीट उगवलेले, सहा वेडेवाकडे उगवलेले, दोन फुगून तसेच राहिलेले, तीन कुजलेले. आकडे माझ्या वहीत लिहिले, वही मिटली आणि सगळी रोपं ताटलीत पुन्हा एकत्र करून ताईंपुढे सरकवली.

आमच्याकडे प्रत्येक नमुना दोघांनी मोजायचा आणि दुसऱ्याने पहिल्याचे आकडे बघायचे नाहीत, अशी पद्धत आहे. ताईंनी अ‍ॅप्रनच्या खिशातून चिमटा काढला. तो चिमटा त्यांच्या हातात इतका कायम असतो की त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'चिमटा'च म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. एकेक रोप उचलून त्या आपापल्या ढिगात ठेवत गेल्या. त्यांचे आकडे निघाले पंच्याऐंशी, दहा, दोन, तीन.

"चार कुठे गेले?" मी विचारलं.

"जातील कुठे? तुझ्या चांगल्यांतून माझ्या वाकड्यांत आले." त्यांनी चार रोपं माझ्यासमोर ओळीने लावली. "खोडावरचं म्यान बघ. टोकाला फाटलंय आणि आतलं पान चुरगळलंय. शेतात हे वर यायच्या आधीच मान टाकेल."

मी भिंगातून बघितलं. फाटलं होतं.

"भिंगाने सगळ्यांनाच दिसतं गं," ताई म्हणाल्या आणि पुढची गुंडाळी उलगडायला घेतली.

बीज परीक्षणाच्या या प्रयोगशाळेत ताईंना सत्तावीस वर्षं झाली होती आणि मला अकरा महिने. त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम एकच होता: मोजलेलं कागदावर राहत नाही. जे रोप मोजलं ते कागदावरून उचलायचं, नाहीतर डोळा त्याच्यावर परत येतो आणि ते दोनदा मोजलं जातं. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी होती, पण हे कुठल्याच प्रात्यक्षिकात मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी दोघींना खोलीत बोलावलं. साहेब म्हणजे आमचे प्रमुख. ते सहसा कुठल्याही प्रश्नाला 'बघू' एवढंच उत्तर देतात. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे एक पत्र होतं. आमचे अहवाल आता परदेशी गिऱ्हाइकांकडे जाणार होते, त्यामुळे प्रयोगशाळेला नवी मान्यता घ्यायची होती. अहवालावर सही करणाऱ्याची परीक्षा होणार होती. एक भाग मोजणीचा आणि दुसरा भाग शेऱ्याच्या इंग्रजीचा.

अहवालात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. आकडे सांगतात किती रोपं बिघडली, शेरा सांगतो कशी बिघडली. 'मूळ तुटलेली', 'म्यान फाटलेली', 'बुरशी धरत असलेली'. सत्तावीस वर्षं ताई तो रकाना मराठीत भरत आल्या होत्या आणि टंकलेखनाला जाताना कोणीतरी त्याचं इंग्रजी करत असे. आता तसं चालणार नव्हतं. सही करणाऱ्यालाच तो वाचता आणि तपासता यायला हवा होता.

"पंचवीस वाक्यं असतात," साहेब म्हणाले. "आधीचे पेपर पाठवलेत त्यांनी. सगळी याच कामातली. त्यातले ते... काय म्हणतात..."

"पार्टिसिपल," मी म्हटलं. "धातुसाधितं. आणि त्यांचे गट."

"हां, ते. ते कुठले, कुणाला लागलेत, बरोबर लागलेत की नाही, हे लिहायचं. वीस बरोबर आले तर सही ताईंची राहील."

"आणि नाही आले तर?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी पत्राची घडी घातली. "तर सही हिची. तुम्हाला बियांच्या कोठारात जावं लागेल, नोंदी ठेवायला. एकोणीस दिवस आहेत. शिकवायचं हिनेच."

बाहेर आल्यावर ताई माझ्याकडे बघून हसल्या. "शास्त्रज्ञबाई, नीट शिकवलंस तर हातची खुर्ची घालवशील. कळतंय ना?"

"मी आजच चार फाटलेली म्यानं चांगल्यात घातली, ताई. त्या अहवालावर माझी सही असती तर?"

"तर गिऱ्हाइकाने तुझ्या नावाने बोटं मोडली असती," त्या म्हणाल्या. "चल, काढ ते तुझं पुस्तक."

मला खात्री होती. एकोणीस दिवस, रोज एक तास, एकच विषय, आणि शिकणारी व्यक्ती फाटलेलं म्यान भिंगाशिवाय ओळखणारी. मी पहिल्याच दिवशी जुना पेपर देऊन सुरुवातीचं माप घेतलं. पंचवीसपैकी सात. कुठलाही प्रयोग शून्यापासून सुरू होत नाही. सात म्हणजे बरंच काही हाताशी होतं.

मी रीतसर शिकवलं. क्रियापदाला 'इंग' लागलं की काम चालू आहे: ग्रोइंग, वाढत असलेलं. 'एड' किंवा 'एन' लागलं की बहुतेक वेळा काम झालेलं आहे: ब्रोकन, तुटलेलं, स्वोलन, फुगलेलं. आणि पुढे 'हॅविंग' आलं की एक काम उरकून दुसरं सुरू झालेलं आहे. हे शब्द क्रियापदापासून निघतात, पण वाक्यात विशेषणाचं काम करतात. कुठल्या तरी नामाला चिकटलेले असतात. आपल्यामागे ते आणखी चार शब्द ओढून आणतात, तेव्हा तो गट होतो. गटाखाली रेघ मारायची आणि तो कुणाला लागला ते लिहायचं.

"म्हणजे आपलं उगवलेलं, उगवणारं, उगवत असलेलं," ताई म्हणाल्या.

"अगदी तेच."

"मग उगवत असलेलं आणि उगवणारं याला दोन वेगळे शब्द असतील ना?"

"दोन्हीला ग्रोइंगच चालतं. संदर्भावरून कळतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, पण उगवतंय आणि उगवेल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे! एवढ्या मोठ्या भाषेला तेवढंही जमू नये?"

"म्हणूनच आपण अहवालात त्यांना शब्दांआधी आकडा देतो, ताई."

हे उत्तर त्यांना पटलं. पाचव्या दिवशी पंचवीसपैकी नऊ. आठव्या दिवशी आठ.

आठ बघितल्यावर मी चुकलेली सतरा वाक्यं घेऊन बसले आणि चुकांची वर्गवारी केली. चालू-झालेलं यात फक्त दोन चुका होत्या. म्हणजे अर्थ कळत होता. सहा ठिकाणी रेघ बरोबर सुरू झाली होती, पण थांबली नव्हती; ती वाक्याच्या शेवटापर्यंत गेली होती. पाच ठिकाणी नजर खालच्या ओळीवर घसरली होती आणि उत्तर एका वाक्याचं, क्रमांक दुसऱ्याचा होता. उरलेल्या चार वाक्यांत गट भलत्याच नामाला जोडला होता. सतरापैकी अकरा चुका इंग्रजीच्या नव्हत्याच. त्या कागदाच्या होत्या.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी ताईंच्या घरी गेले. त्यांचे यजमान घड्याळजी आहेत आणि घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. टेबलावर एकोणीस मनगटी घड्याळं होती, प्रत्येकाच्या पट्ट्याला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली: बंद पडलेलं, मागे पडणारं, तेल दिलेलं, काच बदललेलं.

"ये, ये," ते डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाले. "काय म्हणते तुझी विद्यार्थिनी? घरात सारखं इंग चाललंय. काल मला म्हणाली, तुम्ही घोरिंग आहात."

"घोरत असलेला नवरा," आतून ताईंचा आवाज आला. "गट आहे तो. नवऱ्याला लागलेला."

"बघ! सत्तावीस वर्षं दाणे मोजले, आता मला मोजायला लागली."

मी त्यांच्याकडून कात्री मागून घेतली. आतल्या खोलीत जेवणाच्या टेबलावर जुन्या पेपरची नवी प्रत ठेवली आणि तिच्या पंचवीस पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर एक वाक्य. ताई बघत राहिल्या. मग मी चिमटा त्यांच्या हातात दिला.

"हे वाक्य म्हणजे रोप," मी म्हटलं. "यातला गट कात्रीने कापून काढा. उरलेलं वाक्य एकटं उभं राहिलं पाहिजे. लंगडलं तर तुम्ही जास्त कापलंत."

पहिलं वाक्य होतं: सीडलिंग्ज शोइंग अ ब्रोकन रूट वेअर रिजेक्टेड. मूळ तुटलेलं दिसणारी रोपं बाद केली. ताईंनी ते दोनदा ओठांत पुटपुटून वाचलं आणि 'शोइंग'पासून 'रूट'पर्यंतचा तुकडा कापला. उरलेली दोन टोकं जवळ सरकवली. सीडलिंग्ज वेअर रिजेक्टेड.

"उभं आहे," त्या म्हणाल्या.

मग कापलेला तुकडा त्यांनी चिमट्याने उचलून 'सीडलिंग्ज' या शब्दाखाली नेऊन ठेवला. हे मी सांगितलं नव्हतं.

"आणि हे ब्रोकन? गटातल्या गटात आणखी एक बसलंय."

"तेही पार्टिसिपलच. एकटंच आहे, मुळाला लागलंय."

"म्हणजे मुळाला लागलेलं उपमूळ. बरं."

चौथ्या पट्टीवर त्या थांबल्या. हॅविंग काउंटेड द सीडलिंग्ज, द लॅम्प वॉज स्विच्ड ऑफ. त्यांनी पहिला तुकडा कापला आणि तो ठेवायला नाम शोधू लागल्या. वाक्यात पुढे दिव्याशिवाय कोणी नव्हतं. तुकडा दिव्याखाली ठेवला, वाचलं आणि चिमटा हातातच धरून खदखदून हसल्या.

"अहो, ऐकलंत का? दिव्याने रोपं मोजली आणि मग बिचारा विझला!"

"मग तुला कशाला ठेवलंय तिथे?" बाहेरून उत्तर आलं. "त्यांना म्हणावं, एक चांगलासा दिवाच नेमा."

"हे चुकीचं लागलेलं आहे," मी म्हटलं. "मोजणारा माणूस वाक्यात आलाच नाही, म्हणून गट दिव्याला चिकटला. अशी तीन-चार वाक्यं पेपरात असतातच."

"वेडीवाकडी," ताई म्हणाल्या आणि त्या तुकड्यांसाठी टेबलाच्या कोपऱ्यात वेगळा ढीग सुरू केला.

तासाभराने टेबलावर चार ढीग होते. चालू असलेली, झालेली, वेडीवाकडी आणि 'दिसायला तीच'. चौथं नाव त्यांचंच. काउंटिंग टेक्स टाइम, मोजायला वेळ लागतो. इथे 'काउंटिंग' दिसतं पार्टिसिपलसारखं, पण कुणाला चिकटलेलं नाही, ते स्वतःच नाम होऊन बसलंय. कापून काढलं की वाक्य कोसळतं. ताईंनी कापून बघितलं, कोसळलं, आणि पट्टी निमूटपणे चौथ्या ढिगात गेली.

पंचवीसपैकी पंधरा. बाराव्या दिवशी एकोणीस. सोळाव्या दिवशी तेवीस. मी आलेख काढून ताईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "नववा दिवस येईपर्यंत तू काय करत होतीस?"

एकोणिसाव्या दिवशी परीक्षक बाई आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, दोन काळी पेनं आणि एक जाड पिशवी घेऊन. सकाळी मोजणीची परीक्षा झाली. चार गुंडाळ्या, चारशे दाणे. बाईंनी आपल्या याद्या ताईंच्या आकड्यांशी जुळवून बघितल्या आणि चष्मा काढून पुसला. चारशेपैकी तीनच रोपांबद्दल दोघींचं मत वेगळं होतं. त्यातल्या दोन रोपांबद्दल बाईंनी पुन्हा बघून आपलं मत बदललं.

मग इंग्रजीचा पेपर. साहेबांनी बैठकीची खोली रिकामी करून दिली. बाईंनी दोन पानांचा पेपर ताईंपुढे ठेवला, वेळ सांगितली, एक तास, आणि आपल्याला दुसऱ्या खोलीतल्या नोंदी तपासायच्या आहेत म्हणून साहेबांना दाराशी बसवून त्या गेल्या. साहेब दाराबाहेर खुर्ची टाकून फोनवर बोलत बसले.

मी शेजारच्या खोलीत रोपं मोजत होते. पंचेचाळीस मिनिटं झाली असतील. मग परीक्षक बाईंचा आवाज आला. ओरडल्या नव्हत्या त्या, पण शब्दन्‌शब्द भिंतीपलीकडे पोचला.

"हे काय केलंत तुम्ही?"

मी धावत गेले. टेबलावर ताईंनी आपलं काम पसरलं होतं. चार ढीग, कडा जुळवून लावलेले, आणि मधे उभी राहिलेली वाक्यं, एकाखाली एक. पेपर असा उरलाच नव्हता. क्रमांकाचे आकडे एका बाजूला, गटांचे तुकडे दुसऱ्या बाजूला. ताई कात्री खिशात ठेवत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "दोन जरा शंकेची आहेत, ती वेगळी ठेवलीत."

"साहेब, तुम्ही दाराशी होतात ना?" बाई साहेबांकडे वळल्या.

"होतो, पण... पाठमोरा." साहेबांचा चेहरा पडला. "ताई, कात्री कुठून आली?"

"खिशातून. रोज असते की."

"पेपर कापायचा असतो का?"

"चूक माझी आहे," मी मधेच म्हटलं. "मीच असं शिकवलं. सगळा सराव पट्ट्या कापूनच केला. त्यांना पेपर कापू नका असं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. दहा दिवस मी पट्ट्या कापत होते आणि परीक्षेतला पेपर आमच्या प्रतीसारखा वाया घालवायचा नसतो, हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं.

"ढीग बरोबर असतील तर?" मी विचारलं. "तुम्ही ढीग तपासू शकाल ना?"

"ढीग कुठल्या क्रमांकाचे, हे मी कसं ठरवू? आणि ठरवलं तरी," बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कोणी माझा निकाल तपासायला आलं तर मी त्याला काय दाखवू? कागदाचा चिवडा? हा पेपर बाद करावा लागेल."

साहेब काहीतरी म्हणणार होते. ताईंनी हात वर केला.

"बाई म्हणतात ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजच्याइतकाच होता. "मी याला नमुना समजले. नमुना मोजतो आणि टाकून देतो. पण हा नमुना नव्हता, ही नोंद होती. नोंद कोणी कापत नाही. माझ्या हाताखालच्या मुलीने नोंदवही कापली असती तर मी तिला उभी आडवी झापली असती."

परीक्षक बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"गुंडाळी चुकून वाळली, तर तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"बाद करतो. नोंद करतो की आमच्या चुकीने बाद झाली. आणि राखून ठेवलेल्या बियांतून नवी लावतो."

"माझ्याकडेही राखीव पेपर असतो." बाईंनी पिशवीतून बंद पाकीट काढलं. "दुसरी वाक्यं आहेत. पण एकदाच. हाही बिघडला तर निकाल नापास असा जाईल. आणि कात्री इथे ठेवायची."

ताईंनी कात्री टेबलावर ठेवली. मग चिमटाही, कोणी न मागता.

"पेपरची प्रत काढून दिली तर?" मी म्हटलं. "प्रत कापतील, उत्तरं मूळ पेपरवर लिहितील."

"बंद पेपरची प्रत काढता येत नाही."

मी मनात हिशेब मांडत होते. न कापलेल्या कागदावर ताईंचा सगळ्यात चांगला आकडा नऊ होता, तोही चौदा दिवसांपूर्वीचा. त्यानंतरचं प्रत्येक माप पट्ट्यांवरचं. अखंड कागदावर त्या आज किती करतील, याचं माझ्याकडे एकही माप नव्हतं. मी स्वतःवर चिडले. हा प्रयोग मी दोनदा करायला हवा होता, एकदा कापून, एकदा न कापता.

"चहा घेतंय का कोणी?" साहेब म्हणाले. आम्ही चहा घेतला. ताईंनी अर्धा कप प्याला आणि उरलेला तसाच ठेवला.

"घाबरलात?" मी हळूच विचारलं.

"घाबरायला काय झालं? वाक्यं बदलली तरी त्यांची जात थोडीच बदललीय?" त्या म्हणाल्या. "कात्री गेली, डोळे आहेत." मग परीक्षक बाईंकडे वळल्या. "बाई, मला दोन टिपकागद मिळतील का? आमचे नेहमीचे, कोरे."

"कशाला?"

"झाकायला. गुंडाळी आम्ही एकदम उघडत नाही. एक ओळ उघडायची, ती झाली की पुढची."

बाईंनी साहेबांकडून दोन कोरे टिपकागद मागवले, दोन्ही बाजूंनी बघितले, खिडकीच्या उजेडासमोर धरले आणि ताईंना दिले. या वेळी त्या स्वतः समोर बसल्या. मला दाराच्या काचेपलीकडे उभं राहायची परवानगी मिळाली, आवाज न करण्याच्या अटीवर.

ताईंनी पेपर पाकिटातून काढून टेबलाच्या कडेला समांतर लावला. एक टिपकागद वर, एक खाली, मधे एका वाक्याएवढी फट. आधी त्यांनी ओठांत पुटपुटत वाचलं. मग वरच्या कागदाचा कोपरा दुमडून वाक्याच्या मधल्या भागावर धरला, म्हणजे गट झाकला गेला आणि फक्त उरलेलं वाक्य दिसू लागलं. उभं राहतंय का ते बघितलं. कोपरा थोडा डावीकडे सरकवला. पुन्हा बघितलं. मग पेन घेऊन रेघ मारली, आणि ती रेघ जिथे थांबायला हवी तिथे थांबली. एवढं मला काचेतून दिसत होतं. गट कुणाला लागला ते बाजूला लिहिलं. दोन्ही कागद एक ओळ खाली सरकले.

झालेलं वाक्य वरच्या टिपकागदाखाली गेलं, पुन्हा दिसलं नाही.

चौदाव्या वाक्यावर त्या दोन मिनिटं थांबल्या आणि हसल्या. परीक्षक बाईंनी भुवई उंचावली. ताईंनी मान हलवून काही नाही असं खुणावलं आणि पुढे गेल्या. मला वाटतं ते दिव्याच्या जातीचं वाक्य असावं. सतरावं वाक्य त्यांनी रिकामं सोडलं, शेजारी लहान टिंब काढलं. विसावं लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. त्रेपन्नाव्या मिनिटाला त्यांनी दोन्ही टिपकागद काढून बाजूला ठेवले, सतराव्यावर परत आल्या, ते वाचलं, परत वाचलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "शंकेचं आहे. अंदाजाने लिहिणार नाही."

परीक्षक बाईंनी पेपर घेतला. उत्तरांची यादी काढली. साहेब आत आले आणि मला बोलावण्यात आलं, कारण बाईंनाही पद्धत ठाऊक होती: दोघांनी मोजायचं आणि दुसऱ्याने पहिल्याचे आकडे बघायचे नाहीत. बाईंनी आधी तपासलं, आपला आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवली. मग पेपर आणि यादी माझ्याकडे आली. ताई खिडकीशी उभ्या राहून बाहेर बघत होत्या.

मी पहिल्यापासून तपासायला घेतलं. प्रत्येक उत्तराचे तीन भाग होते: रेघ, नाम आणि बरोबर लागलंय की नाही. तिन्ही जुळले तरच वाक्य बरोबर धरायचं होतं. आठव्या वाक्यात रेघ एक शब्द आधी थांबली होती. विसाव्यात खोडण्याआधीचं उत्तर बरोबर होतं, खोडल्यानंतरचं चूक. वेडीवाकडी चार होती, चारही पकडली होती. 'दिसायला तीच' तीन होती, तिन्हींपुढे 'गट नाही' असं लिहिलं होतं. मी शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून आले, मग आकडा लिहिला.

बाईंनी चिठ्ठी उघडून माझ्या आकड्याशेजारी ठेवली.

पंचवीस वाक्यं. बरोबर बावीस, चूक दोन, न लिहिलेलं एक. दुसरी मोजणी: बरोबर बावीस, चूक दोन, न लिहिलेलं एक.